भाडेकरूचा पत्ता

शहरांत घरे रिकामी आहेत आणि माणसे घराच्या शोधात आहेत. या दोहोंमध्ये विश्वासाचा जो पूल हवा, तो बांधण्याचे काम कायद्याचे आणि शासनाचे होते. शंभर वर्षांत ते पुरे झालेले नाही.

२०११च्या जनगणनेने आपल्या शहरांविषयी एक विचित्र वस्तुस्थिती नोंदवली. नागरी भारतात सुमारे एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली. त्याच सुमारास, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तांत्रिक गटाने शहरांतील घरांची तूट एक कोटी ८७ लाख ८० हजार इतकी असल्याचे सांगितले. या तुटीतील सुमारे ९६ टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील कुटुंबांचा होता. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की तुटीत मोजलेल्या कुटुंबांपैकी जवळपास ८० टक्के कुटुंबे बेघर नव्हती. त्यांच्या डोक्यावर छप्पर होते. पण एका खोलीत दोन संसार, किंवा चार जणांच्या जागेत आठ जण, अशी त्यांची अवस्था होती.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे हे आकडे आज बदलले असतील, परंतु त्यांनी दाखवलेला पेच बदललेला नाही. बंगळुरू, हैदराबाद, गुरुग्राम, चेन्नई, मुंबई किंवा पुणे यांपैकी कोणत्याही शहरात आज नव्याने नोकरीला आलेल्या माणसाला विचारा. रिकामे घर दिसत नाही, अशी त्याची तक्रार नसते. दिसते ते परवडत नाही, परवडते ते कामापासून दीड तास दूर असते आणि जवळचे व परवडणारे सापडले, तर मालक त्याला ते देत नाही. घरांच्या टंचाईची चर्चा आपण सिमेंट आणि चटईक्षेत्राच्या भाषेत करतो. प्रशासनात तीन दशकांहून अधिक काळ घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की भाड्याच्या घरांचा प्रश्न बांधकामाइतकाच भरवशाचा आहे. मालकाला कायद्याचा भरवसा नाही, भाडेकरूला मालकाचा नाही, आणि शासनाच्या लेखी तर भाडेकरू हा अजून घर घेऊ न शकलेला माणूस आहे. त्याहून वेगळी अशी त्याची ओळखच नाही.

युद्धकाळातला कायदा, शांततेतले परिणाम

या अविश्वासाला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात बांधकामाचे साहित्य दुर्मीळ झाले, महागाई वाढली आणि मुंबईतील भाडी भडकली. त्यावर १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडे निर्बंध कायदा आला, १९२० मध्ये कलकत्त्यात तसाच कायदा झाला. हे उपाय तात्पुरते म्हणून आणले गेले होते. दुसऱ्या महायुद्धात ते परत आले आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यांनी त्यांना नवे नैतिक बळ दिले. १९४७चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आणि १९५८चा दिल्लीचा कायदा या परंपरेतले. ज्या काळात एका रात्रीत कुटुंबाला रस्त्यावर काढता येत असे, त्या काळात या कायद्यांनी लाखो सामान्य माणसांना अभय दिले, हे विसरता कामा नये.

परंतु तात्पुरत्या उपायाला कायमचे रूप दिले, की त्याचे ओझे भलत्यांच्याच खांद्यावर पडते. मुंबईत प्रमाण भाड्याची सांगड १ सप्टेंबर १९४० या तारखेशी घातली गेली होती. अर्धे शतक उलटले, पगार आणि किमती कित्येक पटींनी वाढल्या, भाडे मात्र जागेवर राहिले. ज्या भाड्यात गच्चीची गळतीही दुरुस्त होत नाही, त्या भाड्यासाठी मालक इमारत कशाला सांभाळील? जुन्या इमारती खचू लागल्या आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली शासनाला स्वतंत्र मंडळ स्थापन करावे लागले. उघड बाजारात जे भाडे घेता येत नव्हते, ते मुंबईत ‘पागडी’ आणि कलकत्त्यात ‘सलामी’ या नावाने पडद्याआड घेतले जाऊ लागले. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अखेर मुंबईच्या कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे म्हटले. महाराष्ट्राने त्यानंतर १९९९चा नवा कायदा केला आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली.

दिल्लीची कथा अधिक बोलकी आहे. संसदेने १९९५ मध्ये दिल्लीसाठी नवा भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. परंतु जुन्या भाड्याने बाजारपेठांत बसलेल्या व्यापाऱ्यांनी एवढा विरोध केला, की तो कायदा कधी अमलातच आला नाही. लोकशाहीत संघटित असलेला जुना भाडेकरू दिसतो. उद्या शहरात येणारा, आज मतदार यादीतही नसलेला नवा भाडेकरू कोणाला दिसत नाही. भाडे नियंत्रणाची खरी किंमत याच माणसाने मोजली.

कुलूप लावलेली खोली

सेवेच्या प्रारंभी उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी भाडे नियंत्रण आणि निष्कासनाचे काम काही काळ माझ्याकडे होते. तिथल्या १९७२च्या कायद्यानुसार, त्याच्या कक्षेत येणारे घर रिकामे झाले, की ते कोणाला द्यायचे हे जिल्हा प्रशासन ठरवीत असे. मालकाला स्वतःचा भाडेकरू स्वतः निवडता येत नसे. परिणाम काय होई, हे टेबलावरच्या नस्त्यांत रोज दिसे. घर रिकामे झाल्याची बातमी मालकाकडून क्वचितच येई. ती येई शेजाऱ्याकडून किंवा ज्याचा त्या घरावर डोळा आहे अशा अर्जदाराकडून. निरीक्षक पाहणीला गेला, की खोलीत एक खाट, दोन भांडी आणि भिंतीवर कॅलेंडर असे. गावाकडचा पुतण्या येथे शिकायला राहतो, असे मालक सांगे. पुतण्या कधी भेटत नसे.

त्या खाटेने आणि कॅलेंडरने मला जे शिकवले, ते पुढे कोणत्याही अहवालाने शिकवले नाही. घर रिकामे ठेवणारा मालक नेहमी धनदांडगा नसतो. अनेकदा तो निवृत्त शिक्षक असतो, विधवा असते, किंवा मुलांसाठी वरचा मजला बांधून ठेवलेला कारकून असतो. त्याची भीती भाड्याविषयी नसते, ताब्याविषयी असते. ही भीती आजही गेलेली नाही, आणि तिच्यामागे साधा हिशेब आहे. आपल्या मोठ्या शहरांत घराच्या किमतीच्या तुलनेत वार्षिक भाडे साधारण दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास पडते. ऐंशी लाखांच्या सदनिकेचे भाडे अडीच टक्क्यांनी धरले, तर वर्षाला दोन लाख मिळतात. भाडेकरूने घर सोडायला नकार दिला आणि दावा दहा वर्षे चालला, तर अडकतात ऐंशी लाख. दोन लाखांसाठी एवढी जोखीम घेण्यापेक्षा कुलूप परवडले, असे मालकाला वाटले, तर त्याला दोष देऊन उपयोग नाही. न्यायालयातील विलंब ही अशा रीतीने घरबांधणीचीच समस्या होऊन बसते.

१९६१ च्या सुमारास शहरांतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण २७-२८ टक्क्यांवर आले होते. लोक समृद्ध होऊन मालक झाले, हे त्याचे एक कारण नक्कीच आहे. परंतु भाड्याने राहण्याचा प्रतिष्ठित, सुरक्षित पर्याय आक्रसत गेला, हेही तितकेच खरे.

अकरा महिन्यांचे आयुष्य

मालकांनी कायद्यातून पळवाट शोधली ती अकरा महिन्यांच्या कराराची. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर करार अकरा महिन्यांचा होतो, मुद्रांकावर छापला जातो, आणि बहुतेक ठिकाणी नोंदणीविना कपाटात जातो. महाराष्ट्राने १९९९च्या कायद्यात मुदत कितीही असो, लेखी करार आणि नोंदणी सक्तीची केली आणि ती ऑनलाइन करण्याची सोयही दिली. हा चांगला अपवाद आहे. अन्यत्र मात्र लाखो कुटुंबे दर अकरा महिन्यांनी नव्याने तात्पुरती होतात.

या कागदाचे महत्त्व भाड्यापुरते नाही. मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये पत्त्याच्या पुराव्यांत भाडेकरूसाठी नोंदणीकृत भाडेपट्ट्याचा उल्लेख आहे. तो नसेल तर अधिकारी प्रत्यक्ष पडताळणी करू शकतो. पण त्या वेळी मालकाने ‘हो, हे येथे राहतात’ असे म्हणावे लागते. आधारवरील पत्ता बदलणे, गॅसची जोडणी, बँकेचे खाते, मुलाचा शाळाप्रवेश अशा प्रत्येक दारात पत्ता विचारला जातो, आणि भाडेकरूचा पत्ता म्हणजे मालकाची सही. ज्याला करावर पाणी सोडायचे नाही किंवा पुढे हक्क सांगितला जाईल अशी धास्ती आहे, असा मालक सही देत नाही. दिल्ली सरकारने २०१९ मध्ये भाडेकरूंना मालकाच्या ना-हरकतीशिवाय स्वतंत्र वीजमीटर देण्याची योजना आणली. हेतू उत्तम होता. पण तेथेही भाड्याची पावती किंवा करार मागितला गेला, आणि ज्यांना तो मीटर सर्वांत अधिक हवा होता, त्यांच्याकडे नेमके तेच नव्हते.

किल्ली हाती येण्यापूर्वी

दुसरा अडथळा अनामतीचा. बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ आहे. अलीकडे काही ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. वीस हजार भाड्याच्या साध्या दोन खोल्यांसाठी दोन लाख अनामत, एका महिन्याची दलाली आणि पहिल्या महिन्याचे भाडे असे धरले, तर किल्ली हाती येण्यापूर्वीच दोन लाख चाळीस हजार रुपये लागतात. पन्नास हजार पगाराच्या तरुणीला वीस हजार भाडे कदाचित पेलेल. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून ते अधिक असले तरी. पण नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पाच पगारांएवढी रोकड ती कोठून आणणार? ती वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतून येते, किंवा वैयक्तिक कर्जातून. घर सोडताना रंगरंगोटीच्या नावाने एक-दोन महिन्यांचे भाडे कापले जाते, ते वेगळेच. आणि तेवढ्या रकमेसाठी न्यायालयात कोणी जात नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

तामिळनाडूने २०१७च्या कायद्यात अनामतीवर तीन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली, परंतु करारात वेगळे ठरवण्याची वाटही मोकळी ठेवली. ज्या बाजारात एका घरामागे दहा इच्छुक आहेत, तेथे ‘परस्पर संमती’ या शब्दांचा अर्थ मालकाची अट एवढाच उरतो.

तिसरा अडथळा पैशाने ओलांडता येत नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्पन्न, शिक्षण आणि नोकरी सारखी असूनही दलित आणि मुस्लिम इच्छुकांना सवर्ण हिंदू इच्छुकांच्या तुलनेत कितीतरी अधिक वेळा नकार मिळाला, किंवा जाचक अटी घातल्या गेल्या, असे त्यात आढळले. अविवाहित मुले, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, ईशान्येकडून आलेले विद्यार्थी, मांसाहारी कुटुंबे अशी ही यादी वाढत जाते. नकार क्वचितच तोंडावर दिला जातो. ‘कालच घर दिले’ एवढेच कळते, आणि आठवड्याने तीच जाहिरात पुन्हा दिसते. झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समाजविशिष्ट सदस्यत्वाची उपविधी वैध ठरवली. खासगी भाड्याच्या व्यवहारात भेदभाव रोखणारा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. ज्याला चार ठिकाणी नकार मिळतो, तो पाचव्या ठिकाणी अधिक भाडे देऊन राहतो. परवडण्याचा प्रश्न असा जातिधर्माशीही जोडला जातो.

शहराची खरी स्वस्त खोली

हे सारे मध्यमवर्गाच्या सदनिकांविषयी झाले. शहराला हातांनी चालवणारा माणूस या बाजारात उतरतच नाही. दिल्ली आणि गुरुग्रामच्या सीमेवर कापसहेडा नावाची वस्ती आहे. शेजारच्या उद्योगवसाहतीतील कपडे शिवणारे कामगार येथे राहतात. निवृत्तीनंतर एका संशोधकाबरोबर मी तेथे दोन दिवस फिरलो. मधल्या चौकाभोवती तीन-चार मजल्यांवर रांगेने खोल्या, प्रत्येक खोलीत एक कुटुंब किंवा तीन-चार तरुण, मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालय. विजेचे पैसे मालक ठरवील त्या दराने. काही इमारतींत किराणा मालकाच्याच दुकानातून घ्यावा, अशी अलिखित अट होती. बिहारमधून आलेला एक शिवणकामगार मला म्हणाला, “भाडं वाढलं तर निभावतो, साहेब. पण मालक म्हणतो ‘उद्या खाली कर’, तेव्हा मुलीची शाळाही खाली करावी लागते.”

सुरतमध्ये याचे आणखी एक रूप आहे. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार तेथील ‘मेस’मध्ये राहतात. दिवसपाळीचा कामगार उठून गेला, की त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन झोपतो. भाडे खोलीचे नसते, अंग टाकण्याएवढ्या जागेचे असते, आणि तेही बारा तासांचे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा २९ तारखेला केंद्रीय गृह मंत्रालयाने घरमालकांनी कामगारांकडून एक महिना भाडे मागू नये, असा आदेश काढला. त्या आदेशाची अंमलबजावणी करायची तर कोण कोणाचा भाडेकरू आहे, याची नोंद हवी होती. ती कोठेच नव्हती. शेकडो मैल पायी निघालेल्या माणसांकडे जाण्याजोगे गाव होते. शहरात राहून दाखवता येईल असा पत्ता मात्र नव्हता.

मालकीचा हट्ट

या अनुभवानंतर जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना आणली. पूर्वीच्या योजनांत सरकारी पैशाने बांधलेली आणि रिकामी पडलेली ८३ हजारांहून अधिक घरे भाड्याने देण्याची कल्पना त्यात होती. पुढील तीन वर्षांत त्यातील साडेपाच हजारांच्या आसपास घरेच भाड्याने देण्याजोगी होऊ शकली, त्यांतही चंडीगड आणि गुजरातचा वाटा मोठा. कारण उघड होते. ही घरे रिकामी पडली होती, ती शहराच्या टोकाला, रोजगारापासून आणि बससेवेपासून दूर होती म्हणून. दिल्लीच्या बवाना-नरेला परिसरातील हजारो सदनिका वर्षानुवर्षे तशाच उभ्या राहिल्या. जे घर फुकट मिळूनही माणूस तेथे राहायला गेला नाही, तेथे तो भाडे भरून कसा जाईल?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या नागरी टप्प्यात सुमारे एक कोटी अठरा लाख घरे मंजूर झाली, आणि ती जवळजवळ सर्व मालकीची. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु मालकीचे आकर्षण राजकारणाच्या हाडीमांसी खिळलेले आहे. घराची किल्ली हातात देतानाचे छायाचित्र निघते. चांगल्या रीतीने चालवलेल्या भाड्याच्या इमारतीचे छायाचित्र कोणी काढत नाही. मुंबईत १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने दोनशेहून अधिक चाळी बांधल्या. त्या बीडीडी चाळी म्हणजे शहराच्या मध्यभागी, गिरण्यांजवळ उभी असलेली शासनाची भाड्याची घरे होती. आज त्यांचा पुनर्विकास होत आहे आणि रहिवाशांना पाचशे चौरस फुटांची मालकीची सदनिका मिळत आहे. तीन पिढ्या त्या खोल्यांत काढलेल्या कुटुंबांच्या समाधानात मी विघ्न आणू इच्छित नाही. तरीही एक हिशेब मांडला पाहिजे. उद्या मुंबईत येणाऱ्या परिचारिकेसाठी किंवा सुरक्षारक्षकासाठी वरळी-नायगावात शासनाची भाड्याची घरे होती, ती आता नसतील; आणि त्यांच्या बदल्यात दुसरीकडे तेवढी भाड्याची घरे उभी राहिलेली नाहीत.

काय करता येईल

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. लेखी करार, निवासी घरासाठी कमाल दोन महिन्यांची अनामत, घरात येण्यापूर्वी चोवीस तासांची सूचना, पाणी-वीज तोडण्यास मनाई, भाडे न्यायालयांना साठ दिवसांची कालमर्यादा, आणि मुदत संपूनही घर न सोडल्यास प्रथम दुप्पट व नंतर चौपट भाडे, अशी त्याची रचना आहे. जुन्या भाडेकरारांना तो लागू होत नाही, त्यामुळे दिल्लीत १९९५ मध्ये जे घडले, ते टळू शकते. हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील असल्याने कायदा करणे राज्यांच्या इच्छेवर आहे. उत्तर प्रदेश, आसाम, तामिळनाडू, आंध्र प्रदेश अशा काही राज्यांनी त्या दिशेने पावले टाकली. उत्तर प्रदेशाने निवासी भाड्यात वर्षाला पाच टक्के वाढीचे सूत्रही घातले. बहुसंख्य राज्ये अजून विचारच करीत आहेत.

या कायद्यावरचा एक आक्षेप मला मान्य आहे. तो भाडे स्वस्त करीत नाही. भाडे दोघांनी मिळून ठरवायचे, एवढेच सांगतो. मालकाला निर्भय केले आणि घरांची संख्या तेवढीच राहिली, तर दुर्बलाला अधिक लवकर बाहेर काढले जाईल, ही भीती निराधार नाही. म्हणून हा कायदा एकट्याने येऊ नये. त्याच्याबरोबर तीन गोष्टी हव्यात.

पहिली, भाडे न्यायालये खरोखर स्वतंत्र हवीत. बदल्या, निवडणुका, पूर आणि मंत्र्यांचे दौरे यांत बुडालेल्या उपजिल्हाधिकाऱ्याकडे हा कार्यभार ‘अतिरिक्त’ म्हणून दिला, तर साठ दिवसांचे सहा महिने आणि सहा महिन्यांची सहा वर्षे होतात. हे मी त्या खुर्चीत बसून पाहिले आहे. पूर्णवेळ अधिकारी, दोन लिपिक आणि तारखांची मर्यादा एवढी माफक तरतूद प्रत्येक मोठ्या शहरात करता येईल. तिचा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या तुलनेत नगण्य आहे, आणि तिच्यामुळे उघडणारी कुलुपे मोजली, तर लाभ कितीतरी मोठा.

दुसरी, करारनोंदणी जवळजवळ निःशुल्क आणि दहा मिनिटांत होणारी असावी, आणि नोंदणीच्या क्रमांकावरच पत्त्याचा पुरावा, शाळा, शिधापत्रिका आणि वीजजोडणी मिळावी. कापसहेड्यासारख्या वस्त्यांत जमिनीची कागदपत्रेच धड नसतात. तेथे मालकी सिद्ध करण्याची अट न घालता केवळ वहिवाटीची नोंद घेतली जावी. या वस्त्यांतील छोटे घरमालक हेच आपल्या शहरांतील स्वस्त खोल्यांचे सर्वांत मोठे बांधकामदार आहेत. त्यांच्या इमारती पाडून भाडी उतरत नाहीत. तेथे सांडपाण्याची वाहिनी, अग्निसुरक्षा आणि पाणी नेल्याने राहणे मात्र सुसह्य होते.

तिसरी, शासनाने आणि महापालिकांनी स्वतःच्या मोक्याच्या जमिनींचा काही भाग कायमचा भाड्यासाठी राखून ठेवावा, आणि तो पुढे मालकीत बदलता येणार नाही असे कायद्यातच नमूद करावे. हे अशक्य नाही. तामिळनाडूने नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापून ‘तोळी’ या नावाने वसतिगृहे चालवली आहेत. घर फुकट वाटण्याऐवजी ते नीट चालवायचे, देखभालीचा खर्च भाड्यातून भागवायचा आणि दुसरीकडे गेलेल्या रहिवाशाच्या जागी नव्याला प्रवेश द्यायचा, ही त्यामागची दृष्टी आहे. सरकारी वसाहतींच्या दुरवस्थेकडे बोट दाखवून शासनाला हे जमणार नाही, असे म्हटले जाते. दुरवस्था झाली, ती भाडे वर्षानुवर्षे वाढवले नाही आणि देखभालीसाठी वेगळा निधी ठेवला नाही म्हणून. दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत.

नोकरीसाठी गाव सोडून आलेला माणूस पहिली काही वर्षे भाड्यानेच राहणार आहे, आणि कित्येकांना आयुष्यभर तसेच राहावे लागेल किंवा राहावेसे वाटेल. त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या वेळी एखादे राज्य गृहनिर्माणाची मोठी घोषणा करील, तेव्हा किती घरे बांधणार एवढेच विचारून थांबू नये. त्यांतील किती भाड्याची आहेत, ती बसथांब्यापासून किती अंतरावर आहेत, आणि तेथे राहणाऱ्याला मालकाची मनधरणी न करता आपला पत्ता लिहिता येईल का, हेही विचारले पाहिजे.